ढिला कासरा

दिवाळी अंकात मराठीच्या प्राध्यापकाने लिहायचे म्हणजे एखाद्या ग्रंथावर, फराळावर किंवा बालपणीच्या खेड्यावर लिहावे, असा एक संकेत पडून गेला आहे. मी मात्र यंदा ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगविषयी लिहिणार आहे. विषय पाहून काही वाचक पान उलटतील ह्याची मला कल्पना आहे. पण ह्या स्टेअरिंगच्या दुरुस्तीने आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्या माणसावर झालेला अन्याय उघडकीला आणला, आणि तो अन्याय करणाऱ्यांत मी सर्वांत पुढे होतो. तेव्हा हा लेख म्हणजे थोडी यंत्राची हकीकत आणि थोडा कबुलीजबाब, असे समजावे.

आमचे घर नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात. चार एकर द्राक्षबाग आहे. बाग पाहतात माझे वडील, ज्यांना आम्ही आबा म्हणतो, आणि माझा धाकटा भाऊ. मी नाशिकच्या एका महाविद्यालयात शिकवतो आणि सुटीच्या दिवशी गावी जाऊन सल्ले देतो. शेतीत सल्ला देणाराला मजुरी पडत नाही, आणि पीक बुडाले तर त्याच्या अंगाला चिखलही लागत नाही!

आमच्याकडे एक लहान ट्रॅक्टर आहे. २००१ साली घेतलेला, अठरा अश्वशक्तीचा. उसाच्या मळ्यात चालणाऱ्या मोठ्या ट्रॅक्टरशेजारी तो उभा केला तर गायीशेजारी वासरू उभे आहेसे वाटते. पण द्राक्षबागेत हे वासरूच कामाला येते. मांडवाखाली वाकून जाते, दोन ओळींमधून फिरते, आणि मागे औषधफवारणीचा ब्लोअर ओढते. आबांनी उमेदीच्या वयात बैल हाकले. पन्नाशी ओलांडल्यावर हा ट्रॅक्टर हाती घेतला. बैलांची भाषा मात्र त्यांनी सोडली नाही. ट्रॅक्टरच्या स्टेअरिंगला ते ‘कासरा’ म्हणतात. कोशात त्याला ‘सुकाणू चाक’ असा भारदस्त शब्द आहे. सुकाणू हा मूळचा अरबी ‘सुक्कान’, म्हणजे जहाजाचा. आमच्या काळ्या मातीत जहाजापेक्षा बैल जवळचा, म्हणून आबांचा शब्दच मला अधिक बरोबर वाटतो.

माझी पहिली दुरुस्ती

२०२२ सालच्या मे महिन्यात मी सुटीवर गेलो तेव्हा आबा म्हणाले, “कासरा ढिला झालाय रे. चाक हातभर फिरवलं तरी गाडी ऐकत नाही.”

मी मोबाइलवर दोन-चार चित्रफिती पाहिल्या. स्टेअरिंगच्या दांड्याच्या खालच्या टोकाला लोखंडी पेटी असते, तिला मिस्त्री लोक ‘स्टेरिंग बॉक्स’ म्हणतात. तिच्या अंगावर एक स्क्रू आणि त्याला जखडणारा एक नट असतो. तो स्क्रू आवळला की ढील कमी होते, एवढे ज्ञान मला अर्ध्या तासात झाले. मी पाना घेतला, नट सैल केला, स्क्रू चांगला अर्धा फेरा आवळला आणि नट पुन्हा जखडला. चाक हलवून पाहिले, तर काय आश्चर्य! हातभर असलेली ढील चार बोटांवर आली. मी विजयी मुद्रेने आबांना बोलावले. त्यांनी चाक हातात घेतले, गाडी अंगणात एकदा वळवली आणि म्हणाले, “वळताना जड लागतंय.”

“सवय होईल,” मी म्हणालो. विद्यार्थ्यांना शंका आली की मी हेच म्हणतो!

पावसाळ्यात तक्रारी सुरू झाल्या, पण त्या यंत्राविषयी नव्हत्या. त्या आबांविषयी होत्या. ओळ संपल्यावर वळताना गाडी मांडवाच्या लोखंडी अँगलला घासली. मग एका ताणाच्या तारेत चाक अडकले. ऑगस्टअखेरपर्यंत तीन अँगल वाकले आणि दोन वेलींच्या खोडांची साल निघाली. द्राक्षाची वेल म्हणजे हाताखांद्यावर वाढवलेले लेकरू. तिचे खोड सोलले गेले की घरात सुतक असल्यासारखी शांतता होते. भाऊ मला फोनवर म्हणाला, “दादा, आबांना आता सांगायला पाहिजे. नजर गेली असेल, नाहीतर हात कापत असतील. शहात्तर वर्षांचं वय झालं.”

सांगायचे काम माझ्याकडे आले, कारण बोलणे हा माझा धंदा. सप्टेंबरातल्या एका रविवारी मी आबांना समजावले. वय, विश्रांती, त्यांनी आमच्यासाठी केलेले कष्ट, सगळे मुद्दे नीट क्रमाने मांडले. आबांनी ऐकून घेतले. वाद घातला नाही. फक्त आपल्या दोन्ही हातांचे तळवे उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाले, “असेल बाबा. हाताला कळत नसेल आता.”

तरी छाटणीचा हंगाम तोंडावर होता, माणूसबळ कमी होते, म्हणून गाडी त्यांच्याकडेच राहिली.

विहिरीच्या कडेला

त्या वर्षी ५ ऑक्टोबरला दसरा झाला आणि लगेच आम्ही गोडी छाटणी घेतली. ज्यांना द्राक्षाची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलच्या सुमाराला खरड छाटणी, तीत पुढची काडी तयार होते. आणि ऑक्टोबरच्या सुमाराला गोडी छाटणी, तिच्यावर फळ येते. गोड्या छाटणीनंतर कोवळी फूट निघते, आणि त्याच वेळी पाऊस आला तर डावणी नावाचा रोग त्या फुटीवर तुटून पडतो. पाने ओली राहिली की तो पसरतो. अशा दिवसांत फवारणी आज नाही, उद्या करू, असे म्हणता येत नाही. २०२२ साली परतीचा पाऊस जाता जात नव्हता. देशातून मोसमी पाऊस पुरता माघारी गेला तो २३ ऑक्टोबरला, म्हणजे ऐन दिवाळीत.

२० ऑक्टोबरला दुपारी जरा उघडीप मिळाली म्हणून आबा ब्लोअर जोडून निघाले. आमची विहीर बागेच्या कोपऱ्यावर आहे. जुनी, दगडी बांधणीची, आणि त्या दिवसापर्यंत तिला कठडा नव्हता. तिथे गाडी उजवीकडे वळवावी लागते. आबांनी चाक उजवीकडे फिरवले. चाक फिरले, पुढची चाके फिरली नाहीत. गाडी सरळ विहिरीकडे निघाली. आबांनी क्लच आणि दोन्ही ब्रेक एकदम दाबले. पुढचे डावे चाक कडेपासून दीड हातावर थांबले.

आबा उतरले, थोडा वेळ बांधावर बसले, आणि चालत घरी आले. आईने पाणी दिले. ते पिऊन ते एवढेच म्हणाले, “आता मी त्याच्यावर बसणार नाही.”

दुसऱ्या दिवशी वसुबारस. महाविद्यालयाला सुटी लागली होती. मी गावी पोहोचलो तो घरात हा प्रकार. भावाने शेजाऱ्याचा ट्रॅक्टर मागून एक फवारणी उरकली होती. जुना ट्रॅक्टर देऊन नवा घ्यायचा, त्यासाठी पाडव्यानंतर एक माणूस पाहायला येणार होता. तोवर गाडी अंगणापर्यंत चालत यावी इतपत दुरुस्त करायला म्हणून गावातल्या मिस्त्रींना बोलावले होते. आबा ओसरीवर बसून होते. गाय-वासराच्या पूजेलाही ते उठले नाहीत.

चोर कुठे आहे?

मिस्त्री संध्याकाळी आले. त्यांनी पुढचा आस जॅकने उचलला, खाली लाकडी ठोकळे दिले, मागच्या चाकांना दगड लावले आणि मला म्हणाले, “सर, वर बसा. चाक थोडं डावीकडं, थोडं उजवीकडं, असं नुसतं हलवत राहा. मी सांगेपर्यंत थांबू नका.”

मी वर बसून चाक हलवू लागलो. मिस्त्री बॅटरी घेऊन खाली शिरले आणि एकेका सांध्यावर हात ठेवू लागले. “जिथं अलीकडं हालचाल आहे अन् पलीकडं नाही, तिथं चोर बसलाय,” ते म्हणाले. पाठाची चिकित्सा करताना आम्हीही हेच करतो. अर्थ कुठल्या शब्दापाशी अडला ते पाहतो. पण हे इतक्या थोडक्यात मला वर्गात कधी सांगता आले नाही.

ही साखळी अशी असते. हातातले चाक दांडा फिरवते. दांडा पेटीतले दाते फिरवतो. पेटीतून एक जाड, दातेरी टोकाचा शाफ्ट बाहेर येतो, आणि त्यावर एक लोखंडी हात घट्ट बसवलेला असतो. त्याला ड्रॉप आर्म म्हणतात. हा हात पुढेमागे झुलतो आणि एका लांब दांडीने एका पुढच्या चाकाला वळवतो. त्या चाकाला दुसऱ्या चाकाशी टाय रॉड जोडतो. दांड्यांच्या टोकांना गोळ्याचे सांधे असतात, आणि प्रत्येक चाक किंगपिन नावाच्या उभ्या खिळीवर, पितळी बुशांत वळते. इतक्या सांध्यांत प्रत्येकी थोडी झीज झाली की सगळ्यांची बेरीज चालकाच्या हातात येते.

मिस्त्रींनी टाय रॉडचे दोन्ही गोळे झिजलेले दाखवले. चाक वर-खाली धरून हलवले तेव्हा किंगपिनचे बुशही खुळखुळले. टाय रॉड एका जागी किंचित वाकला होता, तो अँगलला बसलेल्या धक्क्याने. पण मुख्य चोर ड्रॉप आर्मपाशी सापडला. शाफ्ट फिरत होता, आर्म क्षणभर जागीच राहत होता, आणि मग ‘टक्’ असा आवाज करून हलत होता. त्याचा नट सैल झाला होता आणि आतले दाते झिजून गेले होते. विहिरीपाशी तो दात्यांवरून सरळ घसरला होता.

एवढ्यात मिस्त्रींची बॅटरी पेटीवर गेली. स्क्रूच्या डोक्यावर पान्याच्या ताज्या खुणा चमकत होत्या.

“हा कोणी आवळला?”

भाऊ माझ्याकडे पाहू लागला. “मी,” मी म्हणालो.

“कधी?”

“मे महिन्यात.”

मिस्त्री बाहेर आले, हात पुसले. ते मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते शांतपणे समजावू लागले, आणि मी सप्टेंबरात आबांसमोर मांडलेल्या मुद्द्यांपेक्षा त्यांचे मुद्दे कितीतरी सरळ होते. गाडी बहुतेक वेळ सरळ चालते. म्हणून पेटीतले दाते मधल्या जागी जास्त झिजतात, कडेचे तसेच राहतात. मधली ढील काढायला स्क्रू फार आवळला, तर मध्ये बरे वाटते, पण वळताना कडेचे दाते एकमेकांत आवळून बसतात. चाक जड होते. मग चालकाला जोर लावावा लागतो, आणि तो सगळा जोर त्या सैल झालेल्या ड्रॉप आर्मवर येतो. खरी ढील तिथे होती; माझ्या स्क्रूने ती फक्त झाकली आणि वाढवली.

“म्हणून सगळं नुकसान ओळीच्या तोंडाशी, वळताना झालं,” मिस्त्री म्हणाले. “सरळ ओळीत एक तरी वेल सोलली का?”

एकही नव्हती. हा साधा प्रश्न आम्हा दोघा भावांपैकी कोणाला सुचला नव्हता.

आबा केव्हा ओसरीवरून उठून दारापाशी आले ते मला कळले नाही. त्यांनी मिस्त्रींना विचारले, “म्हणजे हात नव्हता चुकत?”

“आबा, हा असला ट्रॅक्टर तुम्ही चार-पाच महिने चालवला. दुसरा असता तर पहिल्या पावसातच विहिरीत गेला असता. हाताला कळत होतं म्हणून तर दीड हातावर थांबला.”

आबा काही बोलले नाहीत. त्यांनी पायात चपला घातल्या आणि गोठ्याकडे, वासराला पाहायला गेले. मी त्यांच्या मागे गेलो. माफी मागायची म्हणून वाक्य जुळवत होतो. इतकी वर्षे भाषा शिकवून ते जुळेना. शेवटी म्हणालो, “आबा, मी चुकलो.” ते वासराच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “जड लागतंय म्हटलं होतं मी.” एवढेच. पण ‘जड’ हा शब्द तेव्हापासून माझ्या मनात तसाच पडून आहे.

धनत्रयोदशीची खरेदी

रात्री भावाने एक सोपा मार्ग सुचवला: आर्म शाफ्टला वेल्डिंग करून टाकावा, दहा मिनिटांचे काम. मिस्त्रींनी कानावर हात ठेवले. “स्टेरिंगला वेल्डिंग नाही. तापवून लोखंडाची जात बदलते. वरून धडधाकट दिसतं, अन् एक दिवस न सांगता तुटतं. शिवाय पुढं कधी खोलायचं म्हटलं तर?” वाचकांपैकी कोणाकडे असे यंत्र असेल तर त्यांनी हे एक वाक्य तरी लक्षात ठेवावे.

सुदैवाने शाफ्टचे दाते कठीण पोलादाचे असल्यामुळे शाबूत होते. दुसऱ्या दिवशी, धनत्रयोदशीला, मी पिंपळगाव बसवंतला गेलो. सगळा बाजार सोने, भांडी आणि फटाके घेत होता. मी एक ड्रॉप आर्म, गोळ्यांचे सांधे, किंगपिनचे बुश आणि मूठभर स्प्लिट पिना घेतल्या. धनत्रयोदशीला धातू घरी आणावा म्हणतात. आमच्या घरी त्या वर्षी तो ग्रीस लावलेला आला.

रविवारी, २३ तारखेला, दिवसभर काम चालले. झिजलेला सांधा काढताना मिस्त्रींनी मला एक युक्ती दाखवली. सांध्याची खिळ निमुळती असते आणि भोकात रुतून बसते. नवशिका तिच्या टोकावर हातोडा घालतो आणि आटे चेपतो. मिस्त्रींनी एका बाजूला जड घण टेकवला आणि दुसऱ्या बाजूने भोकाभोवतीच्या लोखंडावर हातोडीने दोन नेमके ठोके मारले. खिळ आपोआप सुटून खाली आली.

ड्रॉप आर्म बसवण्याआधी त्यांनी मला चाक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून फेरे मोजायला सांगितले. तीन भरले. मग दीड फेरा मागे आणून चाक मधोमध धरले, शाफ्टवरची खूण आणि आर्मवरची खूण जुळवली, आणि मगच नट आवळला. एक दाता चुकला तर गाडी एका बाजूला जास्त आणि दुसऱ्या बाजूला कमी वळते.

वाकलेला टाय रॉडही बदलला. काम चालू असताना मी विचारले, दोन्ही चाके सारखीच वळतात ना? मिस्त्री हसले. उत्तर मात्र आबांनी दिले, ओसरीवरून: “खळ्यात पात धरल्यावर आतला बैल अन् बाहेरचा बैल सारखा चालतो का?”

तिवड्याभोवती बैल फिरतात तेव्हा आतल्याचे वर्तुळ लहान, बाहेरच्याचे मोठे. गाडी वळतानाही आतल्या चाकाला जास्त वळावे लागते आणि बाहेरच्याला कमी. नाहीतर एक चाक फरफटते. ही योजना म्युनिकच्या लांकनश्पेर्गर नावाच्या बग्ग्या बनवणाऱ्याची. तिचे इंग्लंडमधले पेटंट १८१८ साली रुडॉल्फ आकरमान ह्या त्याच्या मित्राने घेतले, आणि नाव पडले ते आकरमानचेच. हा आकरमान लंडनचा प्रसिद्ध चित्र-ग्रंथ प्रकाशक! आमच्या बागेतल्या ट्रॅक्टरच्या चाकांत एका प्रकाशकाचे नाव फिरते आहे, हे वाचून मला फार आनंद झाला. प्रकाशकाने दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव घालावे, ह्याचे मात्र लेखक म्हणून आश्चर्य वाटले नाही.

शेवटी पुढची चाके जुळवली. टायरच्या मध्यावर, पुढच्या बाजूला, आसाच्या उंचीवर खडूने खुणा केल्या आणि अंतर मोजले. गाडी अर्धा फेरा पुढे ढकलली, त्याच खुणा मागे आल्या, पुन्हा मोजले. पुढचे अंतर मागच्यापेक्षा थोडे कमी हवे. टाय रॉडच्या एका टोकाला सुलटे आटे आणि दुसऱ्याला उलटे असतात. त्यामुळे दांडी नुसती फिरवली की तिची लांबी कमीजास्त होते. पाच मिलिमीटरवर मिस्त्रींनी “बास” म्हटले.

आणि माझा तो स्क्रू? मिस्त्रींनी तो सैल करून पुन्हा बसवला. चाक ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हलके फिरू लागले, पण मध्ये दोन-तीन बोटे ढील राहिली. मी म्हणालो, “थोडी राहिलीच की.”

“तेवढी राहू द्यायची असते,” मिस्त्री म्हणाले.

आबा म्हणाले, “कासरासुद्धा ताणून धरत नाहीत. बैलाला त्रास होतो.”

पाडवा

२४ तारखेला लक्ष्मीपूजन झाले. २५ तारखेला सूर्यग्रहण होते, म्हणून आईने ट्रॅक्टरला हात लावू दिला नाही. २६ तारखेला पाडवा. सकाळी आईने आबांना ओवाळले, आणि मग आबा काही न बोलता अंगणात गेले. त्यांनी खाली वाकून प्रत्येक सांध्याला हात लावून पाहिला, स्प्लिट पिना मोजल्या, आणि वर बसले. मी आणि भाऊ मागून चालत होतो. ओळ संपली, गाडी वळली, दुसऱ्या ओळीत शिरली. अँगलला पुढचे चाक शिवलेसुद्धा नाही. तिसऱ्या वळणावर भाऊ मला म्हणाला, “त्या माणसाला येऊ नको म्हणून कळवतो.”

ह्याचा अर्थ आबा म्हातारे झाले नाहीत असा नाही. तिन्हीसांजेनंतर गाडी चालवायची नाही, हा नियम त्यांनीच स्वतःवर घातला. विहिरीला आम्ही त्याच महिन्यात कठडा बांधला. तो वीस वर्षांपूर्वी बांधायला हवा होता. आणि दर हंगामापूर्वी मिस्त्रींना बोलावून सांधे पाहणे, ग्रीस भरणे, ड्रॉप आर्मचा नट तपासणे हे काम माझ्याकडे लागले. सगळ्या खर्चाचा आकडा साडेपाच हजारांच्या आत बसला. नव्या ट्रॅक्टरच्या किमतीत तो शेंगदाण्याएवढाही नव्हता.

अजूनही सुटीत गावी गेलो की मी गाडीखाली बॅटरी घेऊन शिरतो आणि आबा वर बसून चाक हलवतात. मी विचारतो, “आबा, कसं लागतंय?” आणि ते जे सांगतील ते, चित्रफीत न पाहता, आधी खरे मानतो.